तळ्याकाठची निवृत्ती : अहिहीकचे दिवस आणि त्यांचा हिशेब

आपल्या मंडळातली जी मंडळी सत्तरीच्या दशकात दोन सुटकेसा आणि प्रेशर कुकर घेऊन अमेरिकेत आली, ती आता बहुतेक निवृत्त झाली आहेत. संक्रांतीच्या किंवा गणपतीच्या जेवणानंतर पूर्वी मुलांच्या कॉलेजच्या गप्पा चालत, आता गुडघे, मेडिकेअर आणि ‘पुढे कुठे राहायचे’ हे विषय असतात. पुण्याला परत जायचे, मुलांजवळ घर घ्यायचे, की फ्लोरिडा? या यादीत अलीकडे मेक्सिकोतल्या एका तळ्याकाठच्या गावाचे नाव वरचेवर ऐकू येते. आम्ही तिथे राहून आलो हे कळल्यापासून मला फोनही बरेच येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘महिन्याला किती लागतात हो?’

या प्रश्नाचे उत्तर देईनच, पण तो पहिला प्रश्न नव्हे असे माझे मत आहे. मी तीस वर्षे ह्यूस्टनमध्ये फार्मसिस्ट म्हणून काम केले. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे. तिथे आम्ही तीन हिवाळे काढले आणि नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ असे एक पूर्ण वर्षही राहिलो. त्या अनुभवावरून हा लेख लिहीत आहे.

गावाचे नाव अहिहीक. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्यापैकी कोणालाही ते नीट उच्चारता येणार नाही, देवनागरीत मात्र जसेच्या तसे लिहिता येते. हालिस्को राज्यात ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेला चपाला सरोवर आहे. मेक्सिकोतले हे सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, पूर्व-पश्चिम सुमारे ऐंशी किलोमीटर लांब, पण त्या मानाने अगदी उथळ. त्याच्या उत्तर काठावर, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्त. अक्षांश जवळजवळ नाशिकचा. त्यामुळे एप्रिल-मे तापतात, जूनच्या मध्याला पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरात थांबतो. पाऊस बहुधा संध्याकाळी किंवा रात्री येतो, सकाळी सगळे धुतलेले. पावसाआधी काही आठवडे डोंगरात एक प्रकारचे रातकिडे कर्कश ओरडू लागतात. तिथले लोक त्यांना पावसाचे पक्षी म्हणतात आणि ते ओरडू लागले की पावसाचा दिवस मोजायला बसतात. आपल्या पावशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परदेशी लोक इथे येण्याची प्रथा जुनी आहे. शेजारच्या चपाला गावात १९२३ साली डी. एच. लॉरेन्स हा इंग्रज लेखक काही आठवडे राहिला आणि तिथे त्याने ‘द प्लूम्ड सर्पंट’ ही कादंबरी लिहायला घेतली. १९५५ साली परदेशी रहिवाशांनी लेक चपाला सोसायटी नावाची संस्था काढली. अहिहीकमधली तिची बागेची जागा नील जेम्स या अमेरिकन लेखिकेने दिलेली. तिथे इंग्रजी पुस्तकांचे मोठे वाचनालय आहे, स्पॅनिशचे वर्ग चालतात. नवख्या माणसाने गावात आल्यावर आधी तिथे जावे. शंभर प्रश्नांची उत्तरे एका सकाळी मिळतात.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी आठला तळ्याकाठच्या मालेकोनवर, म्हणजे फरसबंद किनाऱ्यावर, फिरायला जायचे. भेटेल त्याला ‘ब्वेनोस दीआस’ म्हणायचे. दुकानात शिरल्यावर आधी नमस्कार, मग खरेदी. हे न केले तर लोक काही बोलत नाहीत, पण मनात नोंद होते. पाण्यात कोणी पोहत नाही, आपणही उतरू नये. काही महिन्यांत जलपर्णीचे हिरवे गालिचे किनाऱ्याला लागतात, आपल्या मुळा-मुठेत लागतात तसेच. हिवाळ्यात उत्तरेकडून पांढरे पेलिकन येतात आणि सरोवराच्या पूर्वेकडच्या टोकाला, मिचोआकान राज्याच्या हद्दीत, हजारोंनी बसतात. एक दिवस डबा घेऊन बघायला जाण्यासारखे आहे.

बुधवारी आठवड्याचा बाजार, त्याला तियांगिस म्हणतात. मला या बाजाराचे वेड लागले. कोथिंबीर, मिरच्या, लिंबे, पेरू, पपई, चिंच यांची तर रेलचेल असतेच. पण एका बाईच्या टोपलीत वेर्दोलागा म्हणून जी पालेभाजी होती ती आपली घोळ निघाली. हमाइका म्हणून वाळलेली लाल फुले विकतात ती लाल अंबाडीची. एप्रिल-मे महिन्यांत ग्वामुचिल येतात, त्या विलायती चिंचा. शाळेबाहेर मीठ लावून खाल्लेल्या, तशाच. पिलोन्सिल्यो म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुळाच्या ढेपा. आणि आलेग्रिया म्हणून जी गोड वडी मिळते ती सरळ सरळ राजगिऱ्याची चिक्की आहे. गंमत अशी की यातल्या बऱ्याच गोष्टी मूळच्या याच मुलखातल्या. चिकू, सीताफळ, पपई, पेरू, मिरची, राजगिरा, विलायती चिंच हे सगळे अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथले लोक आपल्या पितरांसाठी घराघरांत वेदी मांडतात, तिच्यावर झेंडूच्या फुलांच्या राशी असतात. तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपले दार सजत नाही ते फूल पाहुणे आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. घोटलेल्या काळ्या किंवा तपकिरी घेवड्यात बहुधा मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी असते. भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. ‘सिन कार्ने’ म्हटले की ते फक्त मांसाचे तुकडे काढतात. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ असे वेगळे सांगावे लागते. डाळी, हळद, हिंग, पोह्यांसाठी ग्वादालाहारा गाठावे नाहीतर ह्यूस्टनहून न्यावे. आम्ही हिंग तीन पिशव्यांत गुंडाळून नेत असू. तरी सुटकेस उघडली की खोलीभर घमघमाट.

गाव शांत आहे असे मात्र कोणी समजू नये. पहाटे कोंबडे, मग देवळाची घंटा, मग गॅसवाल्याच्या गाडीचे गाणे, मग पाण्याच्या गाडीची हाळी. ग्रामदैवत संत आंद्रेस. त्याचा उत्सव ३० नोव्हेंबरला संपतो आणि त्याआधी नऊ दिवस पहाटेपासून दारूकाम चालते. ज्यांचे बालपण गणपतीच्या मांडवाशेजारी गेले त्यांना त्रास होणार नाही. आमच्या शेजारचे कॅनेडियन गृहस्थ मात्र दरवर्षी त्या आठवड्यात गाव सोडून जात.

घराची व्यवस्था थोडी आपल्या जुन्या दिवसांसारखी. छतावर पाण्याची टाकी, तिला तिनाको म्हणतात. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या बाटल्यांतून घरपोच येते. नळाचे पाणी पिऊ नये आणि भाज्याही जंतुनाशक थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून घ्याव्यात. वीज अमेरिकेसारखीच, आपली उपकरणे चालतात. बिल दोन महिन्यांनी येते, आणि ठरावीक वापराच्या पुढे सतत गेले की सरकारी सवलत जाऊन दर एकदम चढतो. घरांना हीटर नसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी विटांच्या घरात चांगलीच थंडी वाजते, तेव्हा स्वेटर, शाल न्या. कामाला बाई आणि बागेला माळी ठेवणे परवडते, पण त्यांचे कायदे आहेत. डिसेंबरच्या २० तारखेच्या आत किमान पंधरा दिवसांचा पगार जादा द्यावा लागतो, त्याला अग्विनाल्दो म्हणतात. आपल्या दिवाळीच्या बोनससारखाच, फक्त इथे तो मालकाच्या मर्जीवर नाही. कामावरून कमी केल्यास भरपाई द्यावी लागते. आपल्यासारख्यांमुळे गावातली भाडी वाढली आहेत आणि तिथल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर मिळत नाही. निदान घरकाम करणाऱ्यांचे पैसे तरी कायद्याप्रमाणे आणि वेळेवर द्यावेत.

आरोग्याकडे वळते. पाच हजार फुटांवर धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. उंचीचा खरा आजार साधारणपणे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. तरी पहिले तीन-चार दिवस दम लवकर लागतो, झोप तुटक येते. हृदयाचे किंवा फुप्फुसांचे दुखणे असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ऊन मात्र फसवे आहे. हवा थंड असते म्हणून लक्षात येत नाही, पण उंचीवर अतिनील किरण जास्त पोचतात. टोपी आणि सनस्क्रीन आपल्या सावळ्या कातडीलाही लागते. पावसाळ्यात डास आणि डेंग्यू. विंचू सापडतात, तेव्हा बूट झटकून घालावेत. विंचवावरची लस तिथे मिळते, चावल्यावर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

पण माझ्या मते त्या गावातला सर्वांत मोठा धोका विंचू नाही. रस्ते आहेत. जुने रस्ते गोल दगडांचे, पदपथ अरुंद, उंच आणि मध्येच तुटलेले, कुठे पायरी तर कुठे झाडाचे मूळ. दिसायला फार सुंदर. सत्तरीतल्या माणसाचे मनगट किंवा खुबा मोडायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. चपला घालून बाहेर पडू नये, जाड तळव्याचे बांधायचे बूट घालावेत. तळव्यांना नीट स्पर्श कळत नाही अशा मधुमेह्यांनी तर विशेष. संध्याकाळनंतर हातात टॉर्च असावा. ह्यांना मी काठी घ्यायला लावली. पहिल्या आठवड्यात रुसवा होता, नंतर त्या काठीवर कोरीव काम करून आणले.

औषधांबद्दल माझ्या व्यवसायाचे दोन शब्द. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांची नेहमीची औषधे बहुतेक सगळी मिळतात आणि पुष्कळ औषधे चिठ्ठीशिवाय मिळतात. अँटिबायोटिकला मात्र २०१० पासून चिठ्ठी लागते. अनेक औषधदुकानांना लागूनच डॉक्टरची छोटी खोली असते. तिथे अगदी थोड्या पैशांत तपासून घेता येते, सर्दी-खोकल्याला ते पुरते. व्यापारी नावावर जाऊ नये, औषधाचे मूळ नाव स्वतःजवळ लिहून ठेवावे. आणि दुखण्यावर किंवा तापावर मेतामिसोल नावाची गोळी सहज पुढे केली जाते, तिच्याबद्दल सावध राहावे. ही आपली जुनी ॲनाल्जिन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात कमी होण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेत ती १९७७ साली बाजारातून काढली. तुमच्या अमेरिकन डॉक्टरला ती तुम्ही घेता हे कळणारही नाही.

आता मूळ मुद्दा. मेडिकेअर मेक्सिकोत चालत नाही. अगदी मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेच्या बाहेरच्या उपचारांचा एक डॉलरही ती देत नाही. हे बहुतेकांना ऐकून माहीत असते, आणि नेमक्या याच माहितीतून चुकीचा निष्कर्ष निघतो. ‘तिथे चालतच नाही तर पार्ट बी चा हप्ता का भरायचा?’ असा तो निष्कर्ष.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहत. मूळच्या ओहायोच्या, एकट्या, फार प्रेमळ बाई. २०१६ च्या ऑक्टोबरात कायमच्या राहायला आल्या तेव्हा त्यांनी पार्ट बी सोडून दिला. महिन्याला शंभरावर डॉलर वाचले. मे २०२३ मध्ये बाजारातून परतताना त्या दगडांवर पडल्या आणि खुबा मोडला. ग्वादालाहाराच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. भरती करण्यापूर्वी क्रेडिट कार्डावर मोठी अनामत मागितली, तशी तिथे पद्धतच आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टर उत्तम होते, यात मला काही म्हणायचे नाही. पण त्यांच्या साधारण एका वर्षाच्या खर्चाची रक्कम दोन आठवड्यांत गेली. त्यानंतर जिना चढता येईना, एकटे राहता येईना, म्हणून त्या बहिणीकडे ओहायोला परतल्या. पुढची सगळी तपासणी आणि फिजिओथेरपी डॉक्टरांच्या दवाखान्यातली, म्हणजे पार्ट बी ची. सोडलेला पार्ट बी त्यांना लगेच मिळाला नाही. अशा लोकांसाठी नाव घालण्याची मुदत दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च एवढीच असते. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये नाव घातले आणि फेब्रुवारीपासून संरक्षण सुरू झाले. मधले महिने खिशातून.

आणि दंड वेगळाच. पार्ट बी शिवाय काढलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांना दहा टक्के, तेही जन्मभर. परदेशात राहत होतो ही सबब चालत नाही. त्यांची सात वर्षे भरली म्हणून सत्तर टक्के. २०२४ साली पार्ट बी चा नेहमीचा हप्ता १७४ डॉलर ७० सेंट होता, त्यांना सुमारे २९७ डॉलर पडू लागला. हप्ता वाढेल तसा दंडही वाढत जाणार.

आम्ही पार्ट बी चालू ठेवला आहे. तो मेक्सिकोसाठी नाही, परत येण्यासाठी आहे. मोतीबिंदू, कॅन्सर, बायपास, जे दोन महिने थांबू शकते ते सगळे ह्यूस्टनला येऊन करायचे असा आमचा बेत.

मेडिगॅप घेतलेल्यांनी आपली पॉलिसी काढून वाचावी. सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनांमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते. पहिले २५० डॉलर आपण भरायचे, पुढच्या खर्चाचे ऐंशी टक्के ते देतात, जन्मभराची मर्यादा ५०,००० डॉलर. पण बारीक अक्षरांत एक ओळ आहे : दुखणे प्रत्येक प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत सुरू झालेले असले पाहिजे. म्हणजे १ नोव्हेंबरला निघालेला माणूस जानेवारीत पडला तर या सोयीचा उपयोग नाही. आम्ही म्हणूनच पुढचे महिने प्रवास-विम्याने झाकतो, आणि रुग्णाला विमानाने अमेरिकेत परत आणण्याची सोय त्यात आहे ना हे बघून घेतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेज घेतलेल्यांची गोष्ट निराळी. सर्वसाधारणपणे सलग सहा महिन्यांहून जास्त काळ आपल्या भागाबाहेर राहिले तर त्या योजनेतून नाव निघते. आणि मेडिगॅप एकदा सोडली तर बहुतेक राज्यांत पुन्हा घेताना कंपनी प्रकृतीची चौकशी करू शकते. मधुमेह्याला त्या दारातून परत आत येणे कठीण.

तिथला विमा घेता येतो का? येतो, पण वय आणि जुनी दुखणी आडवी येतात. खाजगी कंपन्यांपैकी पासष्ट-सत्तरीनंतर नव्याने घेणाऱ्या थोड्या, आणि हप्ता दरवर्षी वाढत जातो. मेक्सिकोच्या सरकारी विमासंस्थेची, म्हणजे इम्सची, ऐच्छिक योजना कायदेशीर रहिवाशांना वार्षिक शुल्क भरून घेता येते. पण काही जुन्या आजारांसाठी ती प्रवेशच देत नाही, आणि कित्येक शस्त्रक्रियांसाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. सरकारी रुग्णालयात रुग्णाजवळ घरचे माणूस असणे गृहीत धरलेले असते, आपल्या ससूनसारखेच. घरचे माणूस न्यू जर्सीत असले तर काय करणार? गावात गेल्या काही वर्षांत छोटी खाजगी रुग्णालये झाली आहेत, ती टाके-प्लास्टर-सलाइनला चांगली. हृदयविकारासारखे मोठे दुखणे म्हणजे ग्वादालाहारा, साधारण एक तास. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी तळ्यावर येतात आणि काठाचा मुख्य रस्ता एकच, तेव्हा तासावर अवलंबून राहू नये.

आता पैशाचा प्रश्न. आमचे दोन खोल्यांचे घर महिना २०,००० पेसो भाड्याने होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते सुमारे १,०२५ डॉलर पडले. जुलै २०२३ मध्ये डॉलरचा भाव १७ पेसोंच्या खाली गेला आणि तेच घर पावणेबाराशे डॉलरच्या वर गेले. घरमालकाने भाडे एक पेसोने वाढवले नव्हते. हेच घर २०२० च्या वसंतात, करोनाच्या धक्क्याने डॉलर २५ पेसोंपर्यंत चढला तेव्हा, ८०० डॉलरला पडले असते. २०२४ संपताना भाव पुन्हा वीसच्या वर गेला होता. म्हणून ‘महिन्याला किती लागतात’ या प्रश्नाला मी प्रतिप्रश्न करते, कोणत्या महिन्याला? सोशल सिक्युरिटीची वार्षिक वाढ अमेरिकेतल्या महागाईवर ठरते, पेसोशी तिचा काही संबंध नाही. आम्ही दोघांचा खर्च डॉलरला १६ पेसो धरून मांडतो. त्या भावात जमत असेल तर कोणत्याही भावात जमेल.

घर विकत घ्यायची घाई करू नये. एक पूर्ण वर्ष, मे महिना आणि पावसाळा धरून, भाड्याने राहावे. हिवाळ्यात सगळ्यांनाच ते गाव आवडते. समुद्रकिनाऱ्यापासून पन्नास आणि सरहद्दीपासून शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला बँकेच्या ट्रस्टमधून घर घ्यावे लागते. अहिहीक त्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून आपल्या नावावर सरळ खरेदीखत होते. ते नोतारिओसमोर होते, आणि हा नोतारिओ म्हणजे अमेरिकेतल्या बँकेत शिक्का मारणारा नोटरी नव्हे, सरकारने नेमलेला अनुभवी वकील असतो. जमीन एहिदोची, म्हणजे गावच्या सामाईक मालकीची, नाही ना याची खात्री करावी. डोंगराच्या उतारावरचा बंगला घेण्यापूर्वी ओढा कुठून येतो ते बघावे. शेजारच्या सान हुआन कोसाला गावावर सप्टेंबर २००७ मध्ये अतिवृष्टीने डोंगरावरून दगड-चिखल आला होता.

कागदपत्रांचे थोडक्यात. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते, पण किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याहून जास्त राहायचे तर तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना लागतो. त्याची सुरुवात मेक्सिकोबाहेरच्या त्यांच्या वकिलातीत होते आणि उत्पन्न किंवा शिल्लक दाखवावी लागते. ती रक्कम वेळोवेळी वाढते, तेव्हा मैत्रिणीने सांगितलेला तीन वर्षांपूर्वीचा आकडा धरू नये. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही राहिले तरी अमेरिकेचे विवरणपत्र भरावेच लागते. परदेशातल्या सगळ्या बँकखात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवाल द्यावा लागतो, आणि या बेरजेत तुमचे पुण्याच्या बँकेतले खातेही धरतात. हे बऱ्याचजणांच्या लक्षात येत नाही.

ज्यांच्याजवळ अजून भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे त्यांनी फार जपून पावले टाकावीत. सहा महिन्यांहून लांब गैरहजेरीने नागरिकत्वाच्या अर्जाला अडचण येते. वर्षाहून लांब जायचे तर आधी परवाना काढावा लागतो, नाहीतर ग्रीन कार्डच धोक्यात येते. परदेशी राहणाऱ्या बिगर-नागरिकांच्या सोशल सिक्युरिटीचे नियमही वेगळे आहेत. आपल्या कार्यालयात जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

राहिली शेवटची गोष्ट, जी फोनवर कोणी विचारत नाही. दोघांपैकी एक गेले तर? तिथे दहन करता येते. मृत्यूची नोंद तिथल्या सरकारदरबारी होते, आणि ग्वादालाहारात अमेरिकेची वकिलात आहे, ती अमेरिकन नागरिकाच्या मृत्यूचा इंग्रजी दाखला देते. बँका, विमा, पेन्शन यांना तो चालतो. पण मागे राहिलेल्या माणसाला त्या तीन दिवसांत परक्या भाषेत कागद समजून घ्यावे लागतात. म्हणून आम्ही एक लाल फाइल केली आहे. तिच्यात पासपोर्टच्या प्रती, औषधांची मूळ नावे, विम्याचे क्रमांक, स्पॅनिश येणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे फोन, जीव वाचवण्याचे कोणते उपाय करावेत आणि कोणते करू नयेत याबद्दल आमच्या सहीचा कागद, मृत्युपत्राची प्रत, आणि दहनच करावे, पुरू नये, असे स्पॅनिशमध्ये लिहिलेले पत्र आहे. मुलाने ती फाइल बघितली तेव्हा तो गप्पच बसला. मुलीने मात्र लगेच फोटो काढून घेतले.

आम्ही आता वर्षभर राहत नाही. नोव्हेंबर ते मार्च तिथे, बाकी ह्यूस्टन. ह्यांचा पंचाहत्तरावा झाला की पुन्हा विचार करू, कारण दगडी रस्ते काही मऊ होणार नाहीत. मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत बंद केली, तेव्हापासून अहिहीक आणि पुणे यांच्यात कायम साडेअकरा तासांचे अंतर असते. रोज सकाळी आठला मालेकोनवरच्या बाकावरून मी धाकट्या बहिणीला फोन लावते, तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि कुकर लावून ती मोकळी झालेली असते.